स्वर्गाचे नागरिक, मिरजेचे डॉक्टर

नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शनाला येणारे कितीतरी भाविक रेल्वेने मिरजेला उतरतात. तिथेच १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय उभे राहिले. अशा मिशनरींच्या बायबलमधला पौल फिलिप्पै या रोमन वसाहतीतल्या ख्रिस्ती मंडळीला सांगतो की, तुमचे खरे नागरिकत्व स्वर्गातले. मॅसेडोनियात राहून रोमचे हक्क मिरवणाऱ्या त्या वसाहतीला मुद्दा चटकन कळला असणार. हेच स्वर्गीय नागरिकत्व मानणारे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. हे धाडस मोठेच, पण मला इथल्या माणसांची सेवा करणारे वानलेस अधिक पटतात. १९२८ मध्ये ते ‘सर’ झाले, तोवर हजारो डोळ्यांतले मोतीबिंदू काढून झाले होते.