दोन कोऱ्या चौकटी

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या पदाधिकाऱ्यांस,


मी नेरुळला राहते. डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे आमच्या गच्चीवरून दिसतात. जानेवारी 2022 मध्ये माझ्या मुलीने शाळेच्या वहीत पट्टीने चौकटी आखून महिला आशियाई चषकाचे वेळापत्रक उतरवले होते. भारताचे सामने लाल पेनाने: 20, 23 आणि 26 जानेवारी. पहिल्या चौकटीत इराणविरुद्धचा 0-0 लिहिला गेला. उरलेल्या दोन आजही कोऱ्या आहेत. का, ते आपण जाणताच.

23 तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध उतरायला आपल्याकडे 13 खेळाडूही धड उरल्या नव्हत्या. कोविडने संघ आडवा केला. नियमाप्रमाणे यजमान संघानेच माघार घेतली असे धरले गेले आणि इराणशी खेळलेली नव्वद मिनिटेही निकालातून पुसली गेली. 2023 च्या विश्वचषकाची वाट याच स्पर्धेतून जात होती. घरच्या मैदानावर चालून आलेली अशी संधी या मुलींना पुन्हा कधी मिळणार होती?

कोविडपासून संघांना वेगळे ठेवणारा बबल फुटू नये म्हणून प्रेक्षकांना मज्जाव होता. स्टेडियम हाकेच्या अंतरावर असून आम्ही टीव्हीपुढे बसलो, तक्रार केली नाही. बबल फुटला तो हॉटेलात. तिथले कर्मचारी बाधित निघाल्याचे खुद्द प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांनी जाहीरपणे सांगितले. त्या कर्मचाऱ्यांच्या चाचण्या किती दिवसांनी व्हायच्या, हे कोणी ठरवले होते? ‘बबल आशियाई महासंघाचा होता’ हे उत्तर आम्ही ऐकले आहे. मांडव आपल्या दारात, पाहुणे आपले. मग आचाऱ्याची चौकशी शेजाऱ्याने करायची का? आणि 13 खेळाडू उभ्या राहिल्या नाहीत की थेट माघार, हा नियम वाचताना आपल्या महासंघातल्या एकाने तरी हात वर केला होता का?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने आपल्याला निलंबित केले. डिसेंबर 2020 मध्येच मुदत संपलेल्या कार्यकारिणीची निवडणूक आपण वेळेवर घेतली नव्हती, हे त्यामागचे मूळ दुखणे. निलंबन अकरा दिवसांत उठले म्हणून आपण सुटकेचा श्वास घेतला असेल. पण गोकुलम केरळच्या मुली तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या आणि त्यांना न खेळताच परतावे लागले. कागद आपले रखडले, बॅगा मात्र त्यांनी भरल्या आणि त्यांनीच उचलून परत आणल्या.

ऑक्टोबरमध्ये 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आला. (तो मुळात 2020 चा. रद्द झाला तो कोविडने, त्याचा दोष मी आपल्याला देत नाही.) ‘किक ऑफ द ड्रीम’ हे घोषवाक्य, शुभंकर म्हणून इभा नावाची सिंहीण, रस्तोरस्ती फलक. भारताचे तिन्ही सामने भुवनेश्वरला झाले: 0-8, 0-3, 0-5. सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. मुलींना मी बोल लावणार नाही. शिबिरे झाली, परदेश दौरेही झाले. पण या वयोगटातल्या मुलींना दर आठवड्याला एक खरा सामना मिळेल अशी लीग आधी कुठे होती? अंतिम सामना आमच्या नेरुळला झाला, स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवले. माझ्या मुलीने तिकीट वहीत चिकटवले. दोन दिवसांनी ती नेहमीप्रमाणे सकाळी सहाला मुलांच्या संघात सरावाला गेली, कारण मुलींचा संघ होण्याइतक्या मुली तिथे नाहीत, आणि ते मैदानही लग्नसराईत मांडवाखाली जाते. यजमानपदाचा वारसा म्हणतात तो हाच का?

जुलै 2025 मध्ये चियांग माईला थायलंडला 2-1 ने हरवून आपला वरिष्ठ महिला संघ पात्रता फेरीतून आशियाई चषकात पोहोचला. यजमानपदाची मेहेरबानी नव्हती, बबल नव्हता, इभाही नव्हती. आपण अभिनंदनाचे संदेश दिलेत, योग्यच केलेत.

आता मागणी एवढीच. जानेवारी 2022 मध्ये नेमके काय घडले, याची चौकशी झाली असेल तर तिचा अहवाल जाहीर करा. झाली नसेल, तर का झाली नाही ते सही-शिक्क्यानिशी कळवा. पुढच्या यजमानपदासाठी अर्ज भरण्याआधी कळवा. वही मी जपून ठेवली आहे. आपले उत्तर त्याच पानाला टाचीन.

कळावे,
नेरुळची एक रहिवासी