बर्फाची बस

परवा पुण्याहून आमच्या वन्संचा फोन आला. मुलाने इथला एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला होता. त्यावर त्यांचं म्हणणं, "काय बाई हे दुःखाचं प्रदर्शन! रडायचं ते घरात रडावं." वन्सं माझा ब्लॉग वाचतात, म्हणून उत्तर इथेच देते.

फोटोची हकीकत अशी. यंदाचा हिवाळा मी मिनेसोटात मुलाकडे काढते आहे. माझ्या नातीच्या शाळेची बस चालवणारे म्हातारे गृहस्थ जानेवारीत अचानक गेले. मुलं सकाळी ज्या कोपऱ्यावर बससाठी उभी राहतात, तिथे आजूबाजूच्या लोकांनी बर्फाची बस केली. इथल्या कडाक्याच्या थंडीतला बर्फ कोरड्या रव्यासारखा असतो, त्याचा लाडू वळत नाही. म्हणून फळ्यांची मोठी पेटी करून त्यात बर्फ तुडवून भरला, रात्रभर बसू दिला, दुसऱ्या दिवशी फळ्या काढून कोरला. पाण्यात खायचा पिवळा रंग कालवून वरून फवारला. मुलं चढताना-उतरताना बसच्या बाजूने लाल पाटी बाहेर येते ना, तीही पुठ्ठ्याची करून लावली.

दोनच दिवसांत इथल्याही एका शेजाऱ्याने तक्रार केली, की रोज सकाळी मुलांना मरणाची आठवण कशाला? म्हणजे वन्सं, तुम्ही एकट्या नाही!

प्रदर्शन म्हणता, तर आपल्या चौकाचौकांतले 'भावपूर्ण श्रद्धांजली'चे फ्लेक्स आठवा. गेलेल्याचा फोटो एक आणि 'शोकाकुल' म्हणून हसणाऱ्या पुढाऱ्यांचे दहा. ते आपल्याला चालतं. इथे मात्र वीसेक माणसांनी हात गारठवून घेतले आणि कोणी आपलं नाव लिहिलं नाही. यात प्रदर्शन कुठे आलं?

"वितळणारच आहे, मग उपयोग काय?" असंही तुम्ही म्हणालात. हे आपण बोलावं? पार्थिव गणपती आपण विसर्जनासाठीच करतो ना? आणि बर्फातलं काम अगदीच वाया जातं असंही नाही. व्हरमाँट राज्यात ब्रॅटलबरो नावाचं गाव आहे. तिथे 1856 सालच्या शेवटच्या रात्री लार्किन मीड या 21 वर्षांच्या तरुणाने रस्त्याच्या कडेला बर्फाचा देवदूत घडवला, सरत्या वर्षाची नोंद लिहिणारा. तो केव्हाच वितळला, पण त्याची गोष्ट राहिली. पुढे त्याच मीडने स्प्रिंगफील्डला लिंकनच्या समाधीवरचे पुतळे केले.

आता मुलांबद्दल. इथे मी शिक्षिका म्हणून बोलते, आणि स्वतःविरुद्ध बोलते. 1983 साली माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा नदीत बुडाला. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी सांगितलं, "मुलांपुढे विषय काढू नका." मी हजेरी घेताना त्याचं नाव गाळलं आणि पाढे सुरू केले. खिडकीजवळच्या बाकावर दोघांच्या जागेत एकच मुलगा बसला होता. तो महिनाभर अर्ध्याच बाकावर बसत राहिला, उरलेल्या जागेवर दप्तरसुद्धा ठेवत नसे. मी पाहिलं आणि काही बोलले नाही. आपण मुलांना मरणापासून वाचवतो, ही आपली समजूत. त्या मुलाला मी एवढंच शिकवलं, की दुःख झालं तर एकट्याने बसायचं.

माझ्या नातीने मात्र हातमोजे घालून बसचं मागचं चाक कोरलं. काम करता करता ती त्या आजोबांबद्दल बोलत होती, थोडी रडत होती. शेजारच्या काकू तिच्याशी बोलत होत्या. याहून बरं सांत्वन आपल्याकडे दहा दिवस चटईवर बसून तरी नेहमी होतं का?

इथे शाळेच्या बसची ती लाल पाटी उघडली, की साध्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी थांबायचं, असा कायदा आहे. मुलगी पलीकडे जाईपर्यंत कोणी घाई करत नाही. गेलेल्या माणसासाठी तेवढं थांबायला आपल्याला कमीपणा का वाटावा?

असो. आता ऊन वाढलंय, बसचं छप्पर खचायला लागलंय. काल नातीला घेऊन तिथे गेले होते. माझ्या त्या विद्यार्थ्याचं नाव चाळीसहून अधिक वर्षांनी मोठ्याने घेतलं. तिने विचारलं, "आजी, तो कसा होता?" मग तिथेच उभं राहून सांगत बसले.