साठीतला अनोळखी माणूस



मागील अंकातील लेखात तरुण पिढीला सरसकट उधळी ठरवले आहे. हे पटले नाही. नोकरी सुटताच पीएफ काढून मोटारसायकल घेणारे आमच्या पिढीतही होतेच. बँकेच्या काउंटरवर मी ते पाहिले आहेत. खोट स्वभावात कमी, साठीतल्या स्वतःशी नसलेल्या ओळखीत जास्त. संशोधक हॅल हर्शफील्ड आणि सहकाऱ्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, संगणकावर स्वतःचा म्हातारा चेहरा पाहिलेल्यांनी निवृत्तीसाठी जास्त रक्कम बाजूला ठेवण्याची तयारी दाखवली. अर्थात, ज्याचा पगार पंधरा तारखेलाच संपतो त्याला चेहरा दाखवून काय होणार? लेखकाने उपदेश थांबवून एक मागणी लावून धरावी: पीएफ काढण्याच्या अर्जावरच, ही रक्कम साठीपर्यंत किती झाली असती, तो आकडा ठळक छापा.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली