नामदेव का नको?

भावाला मुलगा झाला त्याला महिना होत आला आणि पोरगं अजून बिननावाचं आहे. कुणी बाळ्या म्हणतं, कुणी सोन्या, कुणी पिल्लू. बारसं लांबलंय कारण नाव ठरत नाही, आणि नाव ठरत नाही कारण ते 'युनिक' पाहिजे. गुरुजींनी अनुराधा नक्षत्र सांगितलं. अवकहडा चक्राप्रमाणे अनुराधाची अक्षरं ना, नी, नू, ने. झालं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर याद्या पडायला लागल्या. निवान, निवांश, निहान, नीरांश, नक्ष...

मी एकच नाव टाकलं. नामदेव.

दोन मिनिटांत हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. "आत्याबाई चेष्टा करायल्यात," असं एका काकूंनी लिहिलं आणि गाडी पुढे गेली. आत्याबाई चेष्टा करत नव्हत्या. म्हणून हा लेख. ग्रुपवर एवढं लांब कुणी वाचत नाही. इथे निदान तुम्ही ब्लॉगवाले तरी वाचाल, आणि जे नातेवाईक गुपचूप इथे डोकावतात (कोण कोण ते मला माहितीये) त्यांनाही कळेल.

आमचं घर हिंगोली जिल्ह्यातलं. जिल्हा तसा नवाच, 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला. बाहेर कुणाला हिंगोली म्हटलं की "म्हणजे नांदेडजवळ ना?" असंच ऐकावं लागतं. या जिल्ह्याकडे जगाला सांगावं असं एक माणूस आहे. कयाधू नदीच्या काठावरचं नरसी, पूर्वीचं नरसी बामणी, हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. जन्म 1270 चा. गावाचंच नाव आता नरसी नामदेव झालंय. त्यांचे गुरू विसोबा खेचर औंढ्याचे. आणि औंढा नागनाथची ती कथा आमच्याकडे प्रत्येक पोराने ऐकलेली असते: नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, मागच्या बाजूला घालवलं, तर देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. ही कथा आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो, आणि त्याच माणसाचं नाव घरात आणायचं म्हटलं की हसतो.

बरं, हसण्याची कारणं बघू.

पहिलं म्हणे, नावाला छान अर्थ पाहिजे. मान्य. मग मोबाईलमधले अर्थ जरा तपासाल का? नावांच्या संकेतस्थळांवर 'आरव' म्हणजे 'शांत' असं सर्रास लिहिलेलं असतं. संस्कृतात 'रव' म्हणजे आवाज, आणि 'आरव' म्हणजेही आवाज, गलका, ओरडा. तान्ह्या बाळाला ते शोभतं खरं, पण आई-बापांना ते अपेक्षित नसावं. 'रेयांश' तर मला इंग्रजीतला किरण आणि संस्कृतातला अंश यांचं लग्न लावल्यासारखं वाटतं. कुठल्याही नावाला 'अंश' जोडला की ते पवित्र होतं, असा काही नियम निघालाय का? त्यापुढे नामदेव घ्या. नाम हाच देव. शब्दकोश उघडावा लागत नाही.

दुसरं, युनिक. ज्या पोरांची नावं युनिक म्हणून ठेवली ती सगळी एकाच वर्गात येऊन बसलीत. माझ्या मैत्रिणीच्या मुलाच्या वर्गात तीन विहान आहेत, बाई त्यांना आडनावाने हाक मारतात. आज पुण्यातल्या कुठल्याही बालवाडीत 'नामदेव' अशी हाक मारा, बघा किती पोरं वळतात ते.

पण ही कारणं वरवरची आहेत. खरं कारण मला एका जवळच्या माणसाने फोनवर सांगितलं, आवाज खाली आणून. "नामदेव म्हटलं की लोकांना वाटतं शिंपी असतील."

हे ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

म्हणजे आषाढात पंढरपूरला जायचं, महाद्वारातल्या नामदेव पायरीला पाय लागू नये म्हणून जपून आत शिरायचं, आणि घरी येऊन म्हणायचं की या माणसाची जात आपल्या पोराला चिकटेल! सातशे वर्षांपूर्वी औंढ्याला जे घडलं म्हणतात, ते याहून वेगळं काय होतं? आणि हे नाव काही एका जातीचं राहिलेलंही नाही. ना. धों. महानोर म्हणजे नामदेव धोंडो, मराठवाड्यातले शेतकरी कवी. नामदेव ढसाळ, 1972 साली दलित पँथर उभी करणाऱ्यांपैकी एक आणि 'गोलपिठा'चे कवी. मराठी कविता जिथे जिथे वळली तिथे हे नाव सापडतं, आणि आपल्याला ते खेडवळ वाटतं.

इथे एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, नाहीतर कुणीतरी म्हणेल की आत्याला जुनी नावंच हवीत. अजिबात नाही. माझे आजोबा कोंडिबा, पणजोबा धोंडिबा. लेकरं जगत नसत, म्हणून दगड, धोंडा, कोंडा, उकिरडा अशी नावं ठेवायची, काळाने नजर टाकू नये म्हणून. त्या नावांमागे मेलेली भावंडं आहेत. ती नावं मला परत नकोत. आणि कितीकांवर तर ओंगळ नावं लादलेलीच होती. मनुस्मृतीत लिहूनच ठेवलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं निंद्य. ते पुस्तक बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 ला महाडला जाळलं. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर मराठवाड्यात घरोघरी सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, गौतम आले. ते नाव बदलणं मला समजतं. त्यामागे कारण होतं, किंमत मोजलेली होती, आणि नाव ऐकलं की माणूस कुठे उभा आहे ते कळत होतं. निवांशमागे काय आहे? मालिका.

कुणी म्हणेल, जात कळू नये म्हणूनच तर लोक अशी कोरी नावं ठेवतात. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कित्येकांना त्याची खरंच गरज असते. पण आपल्या घरात ते कारण नाही. आपल्याला जात लपवायची नाहीये, आपल्याला फक्त 'खालची' वाटायला नकोय. आडनाव तर आपण सनईसारखं वाजवत फिरतो.

मग उरतं 'नाम्या'. शाळेत पोरं नाम्या म्हणतील. म्हणतील की. निवानचं निव्या करतील, विहानचं विह्या. मराठी पोरांच्या तावडीतून कुठलं नाव सुटलंय? नामदेवांच्या स्वतःच्या पोरांची नावं नारा, विठा, गोंदा, महादा अशी सांगतात, म्हणजे नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव. नामदेव स्वतःला नामा म्हणत, जनाबाई जनी, तुकाराम तुका. तोडून हाक मारली म्हणून कुणी लहान झालं नाही. मालकाने गड्याला "ए नाम्या" म्हणणं वेगळं, ते मलाही टोचतं. तिथे दोष हाक मारणाऱ्याचा आहे, नाव बदलून तो जाणार नाही.

आणि दादा, तुझा तो आवडता मुद्दा, की नाव बाहेरच्या लोकांना उच्चारता आलं पाहिजे. हे नाव सातशे वर्षांपूर्वी हिंगोलीतून पंजाबात गेलं. तिकडे भगत नामदेव म्हणतात, गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला 2015 साली मराठी साहित्य संमेलन भरलं ते त्यांच्याच नावावर. जगभरच्या गुरुद्वारांत हे नाव उच्चारलं जातं. तुझ्या ऑफिसातल्या लोकांनाही जमेल.

आता शेवटचं. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या बाळाच्या कागदपत्रांवर महाराष्ट्रात बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं आहे. म्हणजे या पोराच्या नावाला लागून वहिनीचं नाव येणार, दादाचं त्याच्या नंतर. इतके दिवस ग्रुपवर मामा, काका, शेजारच्या काकू, सगळ्यांनी याद्या टाकल्या. वहिनीचा एकही शब्द नाही, कारण तिला कुणी विचारलंच नाही. परवा मी फोन करून विचारलं. म्हणाली, "ताई, मला आधी झोप पाहिजे. मग नाव बघू."

बरोबर आहे तिचं. ती नको म्हणाली तर मी गप्प बसेन, बाकी कुणाच्या नको म्हणण्याला बसणार नाही. घाई तशीही नाही. जन्माची नोंद 21 दिवसांतच झालीये, नाव 12 महिन्यांपर्यंत बिनपैशाचं चढवता येतं. तोवर टाका याद्या. मी रोज सकाळी एकच नाव टाकणार आहे, आणि बारशाला कानात कुर्र करायचा मान आत्याचा असतो हेही जाता जाता लक्षात असू द्या.