तुम्ही ‘प्रो’ की ‘गॉडलाइक’?

एक सोप्पा प्रश्न. नवा पीसी असेंबल करायचा म्हणून तुम्ही मदरबोर्ड घ्यायला गेलात. काउंटरवर चार खोकी मांडली आहेत. एकावर लिहिलंय ‘प्रो’, दुसऱ्यावर ‘एलिट’, तिसऱ्यावर ‘टॉमाहॉक’, चौथ्यावर ‘स्टील लेजंड’. यातला सगळ्यात भारी कोणता?

नाही ना सांगता येत? काळजी करू नका, कुणालाच नाही येत. कारण एमएसआयच्या घरात ‘प्रो’ ही सगळ्यात खालची पायरी आहे. गिगाबाइटच्या ऑरस घराण्यात ‘प्रो’ हा ‘एलिट’च्या डोक्यावर बसतो. आसुसमध्ये ‘प्रोआर्ट’ म्हणजे डिझायनर, एडिटर मंडळींसाठीचा महागडा मामला. आणि एएसरॉकचा ‘प्रो आरएस’ म्हणजे साधासरळ मध्यमवर्गीय बोर्ड. शब्द एक, अर्थ चार! हॉटेलच्या मेनूकार्डावरच्या ‘स्पेशल’सारखं आहे हे. स्पेशल चहा म्हणजे जास्त दूध, स्पेशल थाळी म्हणजे एक गुलाबजाम, आणि स्पेशल डोसा म्हणजे काय ते फक्त अण्णांनाच ठाऊक.

पीसी घेताना प्रोसेसरचा आपण अभ्यास करतो. ग्राफिक्स कार्डसाठी तर अख्खं ऑफिस सल्ला द्यायला गोळा होतं. मदरबोर्ड मात्र ‘दुकानदार देईल तो’. खरं तर बाकीचे पार्ट पुढेमागे बदलता येतात. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळा संसार बाहेर काढून पुन्हा मांडायचा. आज कोणता बोर्ड घेतलात त्यावर तीन-चार वर्षांनी तुम्हाला काय करता येईल, हे ठरतं. म्हणून या नावांचा फंडा एकदा समजून घ्यायला हवा.

चिप त्यांची, बारसं यांचं

डेस्कटॉपच्या बोर्डांच्या दुनियेत चार मोठी नावं आहेत : आसुस, गिगाबाइट, एमएसआय आणि एएसरॉक. चारही तैवानची. पण बोर्डाचा मुख्य चिपसेट यांच्यापैकी कुणीच ठरवत नाही. तो ठरवतात प्रोसेसरवाले, म्हणजे इंटेल आणि एएमडी. बोर्डाची खरी जात तिथंच ठरते आणि ती एका अक्षरात लिहिलेली असते.

इंटेलचं गणित सोपं आहे. ‘एच’, ‘बी’ आणि ‘झेड’. एच६१० हा काटकसरीचा. त्यावर रॅमचे जास्तीत जास्त दोनच स्लॉट मिळतात. ‘बी’ हा मधला. आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा असेल, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा असेल, तर ‘झेड’. एएमडीकडे ‘ए’, ‘बी’ आणि ‘एक्स’. तिथं ‘ए’ सोडला तर ओव्हरक्लॉकिंगची मुभा साधारणपणे ‘बी’लाही असते.

आता बघा, चारही कंपन्यांकडे बी६५० तोच, झेड७९० तोच. मग माझा बोर्ड शेजाऱ्याच्या बोर्डापेक्षा वेगळा हे गिऱ्हाइकाला पटवायचं कसं? इथून बारशाचा कार्यक्रम सुरू होतो.

पूर्वी ही भानगड नव्हती. आसुसच्या जुन्या बोर्डांची नावं ‘पी४पी८००’, ‘ए८एन-एसएलआय’ अशी गाडीच्या नंबर प्लेटसारखी असायची. कळायला कठीण, पण निदान खोटी आशा लावत नसत. २००६मध्ये आसुसने ‘रिपब्लिक ऑफ गेमर्स’ हा ब्रँड काढला, आणि बोर्ड कसा आहे यापेक्षा तो घेणारा कोण आहे, हे खोक्यावर यायला लागलं. इंटेल स्वतः बोर्ड बनवायची तेव्हा तिने हे उघड उघड केलं होतं : गेमरसाठी ‘एक्स्ट्रीम’, घरच्या करमणुकीसाठी ‘मीडिया’, ऑफिससाठी ‘एक्झिक्युटिव्ह’ आणि उरलेल्यांसाठी ‘क्लासिक’. २०१३मध्ये इंटेलने डेस्कटॉप बोर्डांच्या धंद्यातून बाहेर पडायचं जाहीर केलं. वर्गवारीची सवय मात्र मागे राहिली.

म्हणजे लक्षात आलं का बॉस? या कंपन्या बोर्डांची वर्गवारी करत नाहीत. आपली करतात.

शिडी वाचा, पण जपून

तरी शिडी माहीत असलेली बरी. एमएसआयमध्ये खालून वर : प्रो, मग एमएजी, मग एमपीजी आणि शेंड्यावर एमईजी. यातला ‘जी’ म्हणजे गेमिंग. मधलं अक्षर अनुक्रमे आर्सेनल, परफॉर्मन्स आणि एन्थुझिअ‍ॅस्टचं. आर्सेनल म्हणजे शस्त्रागार, म्हणून एमएजीत टॉमाहॉक, मॉर्टर अशी हत्यारं सापडतात. एमईजीत सगळ्यात वर ‘गॉडलाइक’. झेड७९०चा गॉडलाइक हजार डॉलरच्या वर गेला होता. तेवढ्यात आपल्यासारख्याचा अख्खा पीसी होतो, वर खुर्चीही येते.

गिगाबाइटमध्ये खाली यूडी, डीएस३एच. मग ईगल, गेमिंग एक्स. त्यानंतर ऑरसची एलिट, प्रो, मास्टर, एक्स्ट्रीम अशी चढण. म्हणजे ऑरसच्या जिन्यावर ‘एलिट’ ही साधारण पहिलीच पायरी! आसुसमध्ये प्राइम, टफ गेमिंग, आरओजी स्ट्रिक्स आणि माथ्यावर आरओजीचे मॅक्सिमस (इंटेलसाठी) नि क्रॉसहेअर (एएमडीसाठी). एएसरॉकमध्ये स्टील लेजंड मधला, तायची वरचा.

शेपटांकडेही बघा. गिगाबाइटच्या नावात ‘एएक्स’ असेल तर वायफाय आहे. आसुसच्या स्ट्रिक्समध्ये ‘आय’ म्हणजे छोटुकला मिनी-आयटीएक्स आणि ‘ई’ हा ‘एफ’पेक्षा वरचा. इंटेलच्या काही बोर्डांवर ‘डी४’ दिसतं, म्हणजे तिथं डीडीआर४ रॅम लागते. हे शेपूट वाचायचं राहिलं तर महागाची डीडीआर५ रॅम घरी येते आणि स्लॉटमध्ये बसतच नाही. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, कितीही दाबा.

आणि आकड्यांच्या नादाला लागू नका. इंटेल बी२५०वर असताना एएमडीने २०१७मध्ये थेट बी३५० काढला. मग इंटेलचा बी३६०, एएमडीचा बी४५०, अशी दोघांची ‘तू मोठा की मी मोठा’ सुरू झाली. आज बी६५० एएमडीचा आणि बी६६० इंटेलचा. दहाचा फरक दिसतो; प्रत्यक्षात एकाचा प्रोसेसर दुसऱ्यावर बसूच शकत नाही. एकाच कंपनीच्या घरातही मोठा आकडा म्हणजे मोठा मान असं नसतं. एएमडीच्या नव्या बी८४०वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही, जुन्या बी६५०वर येतो.

फर्स्ट क्लासचा पास

मुंबईच्या लोकलमध्ये फर्स्ट क्लासचा डबा सेकंड क्लासपेक्षा एक मिनिटही आधी चर्चगेटला पोहोचत नाही. गाडी एकच. मदरबोर्डचं तसंच आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तेच ठेवून नुसता बोर्ड महाग घेतला तर गेममध्ये फरक पडतो तो जेमतेम. जास्तीचे पैसे जातात ते जागेसाठी : जास्त एम.२ स्लॉट, जास्त यूएसबी, चांगला साउंड, दणकट वीजव्यवस्था. हे लागत असेल तर फर्स्ट क्लास जरूर घ्या. पण डब्यावरचा रंग बघून घेऊ नका, कारण कधीकधी रंग फसवतो.

उदाहरण देते. २०१९मध्ये एएमडीचा एक्स५७० आला तेव्हा एमएसआयने वरच्या एमपीजी मालिकेत ‘गेमिंग एज’ आणला. त्याच्या वीजव्यवस्थेवर समीक्षकांनी सपाटून टीका केली. एसएमपीएसकडून येणारी बारा व्होल्टची वीज प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण एक-सव्वा व्होल्टवर आणणारा हा भाग, त्याला व्हीआरएम म्हणतात. जास्त कोअरच्या प्रोसेसरचा भार पडल्यावर या बोर्डाचा व्हीआरएम प्रतिस्पर्ध्यांपेक्षा फारच तापायचा. पुढच्याच वर्षी एमएसआयने ‘एक्स५७० टॉमाहॉक’ काढला आणि त्याचा व्हीआरएम कितीतरी सरस निघाला. हा होता खालच्या एमएजी मालिकेतला! शिडी त्यांचीच, आणि खालच्या पायरीवरचा वरच्यापेक्षा दणकट.

दुसरी गोष्ट याहून मोठी. डबा कितीही आलिशान असो, गाडी कुठपर्यंत जाते?

जानेवारी २०१७मध्ये इंटेलचा झेड२७० आला. आसुसने त्यावर ‘मॅक्सिमस नाइन’ची शाही मालिका काढली. त्याच ऑक्टोबरात इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१. पण नवे प्रोसेसर झेड२७०वर चालणार नाहीत, नवा बोर्ड घ्या, असं इंटेलने सांगितलं. दहा महिन्यांत शाही बोर्डाची वाट बंद. त्याच २०१७मध्ये कुणी एएमडीचा साधासुधा बी३५० घेतला असेल, तर २०२२मध्ये अशा अनेक बोर्डांना नवं बायोस मिळालं आणि त्यांवर रायझन ५०००चे प्रोसेसर चालायला लागले. पाच वर्षं! एकाकडे फर्स्ट क्लासचा पास होता पण गाडी अंधेरीलाच थांबली. दुसरा सेकंड क्लासमध्ये उभ्याने का होईना, विरारला पोहोचला. यातलं काहीही दोघांच्या खोक्यावर लिहिलेलं नव्हतं.

‘गेमिंग की ऑफिस?’

माझा मावसभाऊ डोंबिवलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मागच्या उन्हाळ्यात त्याच्याबरोबर लॅमिंग्टन रोडला गेले होते. काउंटरवरच्या शेठनी नेहमीचा प्रश्न टाकला, “बोला भाऊ, गेमिंग की ऑफिस?”

तो म्हणाला, “लग्नं.”

शेठ हसले आणि त्यांनी दोन बोर्ड काढले. चिपसेट एकच. पहिला ‘गेमिंग’ : काळा, तिरप्या रेघांचा, दिवे लुकलुकणारा. दुसरा अगदी मुनीमजी. किमतीत साडेतीन हजारांचा फरक. भावाची नजर अर्थातच दिव्यांवर. “ताई, क्लायंट स्टुडिओत येतात गं. दिसायला पाहिजे ना जरा.”

मुद्दा बरोबर होता. म्हणून आम्ही दोन्ही खोकी पालथी घालून मागची यादी वाचायला घेतली. त्याला लागतं काय? कार्ड रीडर, जुन्या हार्ड डिस्क, पेन टॅब्लेट, म्हणजे यूएसबी भरपूर. मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत दहा-दहा तास रेंडरिंग, म्हणजे व्हीआरएमवर नीट हीटसिंक. आणि दोन एम.२ स्लॉट, म्हणजे एका एसएसडीवर काम, दुसरीवर लगेच कॉपी. कारण फुटेज एकदा गेलं की गेलं. मंगलाष्टकं पुन्हा म्हणायला लावता येत नाहीत. हीटसिंक आणि दोन स्लॉट दोघांनाही होते. मागचे यूएसबी मुनीमजीला दोन जास्त होते.

मुनीमजी घरी आला. वाचलेले साडेतीन हजार दुसऱ्या एसएसडीत गेले.

गेमिंगचा बोर्ड वाईट होता असं नाही. पण ‘गेमिंग की ऑफिस’ या प्रश्नात माझ्या भावासाठी जागाच नव्हती. घरून कोडिंग करणारी, रात्री गाणी मिक्स करणारी, सीएची आर्टिकलशिप करत शनिवारी फुटबॉलचा गेम खेळणारी, अशा किती जणांसाठी ती नसते. आपण मात्र दोनांपैकी एका खोक्यात गुपचूप जाऊन बसतो, आणि त्याचे पैसेही देतो.

तर पुढच्या वेळी शेठनी विचारलं की उलटे चार प्रश्न टाका. ही सॉकेट नवी आहे की निवृत्तीला आलेली? रॅम डीडीआर४ की डीडीआर५, आणि स्लॉट किती? एम.२ किती, मागे यूएसबी किती? व्हीआरएमवर हीटसिंक आहे का? आकार कॅबिनेटला बसतोय ना, हेही बघून घ्या : एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४, मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. एवढी उत्तरं मिळाल्यावरच नाव वाचा. तेव्हाही एखादा ‘गॉडलाइक’ आवडला आणि खिशाला परवडला, तर बिनधास्त घ्या. हौसेला मोल नसतं.

फक्त एक ध्यानात ठेवा. बोर्डावरचं ते झकास नाव कॅबिनेटचं झाकण लागलं की दिसेनासं होतं. कमी पडलेला यूएसबी पोर्ट मात्र रोज सकाळी हाताला लागतो.