पुटपुटणाऱ्या ओठांची बाजू

जपमाळेविषयी बोलताना आपल्यातले सुशिक्षित ख्रिस्ती, आणि त्यांच्याइतकेच साहित्याचे अभ्यासकही, एक गृहीत वादाशिवाय मान्य करून टाकतात: मोठ्याने म्हटलेली प्रार्थना कनिष्ठ, मनातली श्रेष्ठ. ओठ हलू लागले की मन झोपले, असे समजायचे. 53 वेळा 'नमो मरिया' म्हणणाऱ्या म्हातारीची ती पोपटपंची, आणि डोळे मिटून गप्प बसलेल्या पदवीधराचे मात्र चिंतन! मला हा निवाडा साफ नामंजूर आहे.

हे गृहीत आपल्या हाडीमाशी खिळले आहे याचे नवल वाटू नये. वाचिक, उपांशू आणि मानस अशी जपाची चढती श्रेणी मनुस्मृतीत आहे. मानस जपाला तिथे विधियज्ञाच्या सहस्रपट मोल दिले आहे. त्यात शाळेने मौनवाचनाची प्रतिष्ठा मिसळली. ओठ हलवत वाचणारा मुलगा 'कच्चा' ठरतो, हे आपण वर्गात रोज पाहतो. तीच फूटपट्टी घेऊन आपण जपमाळेपुढे उभे राहतो आणि ती मापात बसत नाही म्हणून तिला नापास करतो.

परंतु जपमाळेची रचनाच निराळी आहे. 'नमो मरिया'चा पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानातून आलेला आहे: गब्रिएल दूताचे अभिवादन आणि एलिझाबेथचे उद्गार. उत्तरार्ध ही या क्षणासाठी आणि मरणाच्या घटकेसाठी केलेली विनवणी. घरात जपमाळ म्हटली जाते तेव्हा पूर्वार्ध एकजण म्हणतो, उत्तरार्ध बाकीचे. वसईतल्या आमच्या घरी पूर्वार्ध आजीचा असे. आमचे मन तोवर शेजारच्या तव्यावरल्या मासळीच्या वासामागे नाही तर उद्याच्या गणिताच्या पेपरामागे गेलेले असायचे. पण आजीचा आवाज अर्ध्यावर थांबे, आणि पुढचे शब्द आपण म्हणायचे आहेत हे ध्यानात येई. एका दशकात दहा वेळा मन भरकटायचे आणि दहा वेळा परत आणले जायचे. एकट्याने मनातल्या मनात म्हणणाऱ्याला हा आधार नाही. तो भरकटला तर त्याची वाट पाहत कोणी थांबलेले नसते.

'एकाग्रता' म्हणजे तरी काय? प्रत्येक शब्दावर मन खिळवणे, असे आपण धरून चालतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने 'सुम्मा थिओलॉजिए'मध्ये वाचिक प्रार्थनेतल्या अवधानाचे तीन प्रकार सांगितले: शब्द चुकू नयेत म्हणून शब्दांकडे, अर्थाकडे, आणि ज्याची प्रार्थना चालली आहे त्या देवाकडे. यांतले तिसरे सर्वांत आवश्यक, आणि ते निरक्षरालाही साधते, असे तो म्हणतो. जपमाळेत तर ही कामाची वाटणी उघड दिसते. मोजणी बोटांकडे, लय जिभेकडे आणि मन येशूच्या जीवनातल्या रहस्याकडे. कीर्तनात टाळकरी ध्रुपद धरून ठेवतात म्हणून बुवांना निरूपणासाठी मोकळीक मिळते. तसेच काहीसे हे आहे.

आविलाच्या तेरेझाने 'परिपूर्णतेचा मार्ग' या ग्रंथात एका वृद्ध स्त्रीची हकिकत दिली आहे. तिला वाचिक प्रार्थनेपलीकडे काही जमत नसे, आणि याचे तिला दुःख होते. तेरेझाने विचारपूस केली तेव्हा 'आमच्या बापा' म्हणता म्हणताच ती बाई निखळ ध्यानापर्यंत पोचली असल्याचे तिला कळले. स्वतः ध्यानमार्गाची आचार्य असलेली तेरेझा त्या बाईला खालच्या पायरीवर बसवत नाही.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा शुभवर्तमानातलाच आहे. बडबडीने देव ऐकतो असे समजू नका, असे येशूने बजावले आहे (मत्तय 6). पण त्याच मत्तयाच्या 26व्या अध्यायात, गेथशेमनी बागेत, येशू तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारून प्रार्थना करतो. दुःखाच्या रहस्यांतले पहिले रहस्य हेच. पुनरुक्ती आणि बडबड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याला आणखी कोणता पुरावा हवा?

बडबड होतेच, हे मी नाकारत नाही. आगगाडी सुटल्यासारखी उरकलेली, उत्तरार्धाने पूर्वार्धाला गिळून टाकलेली जपमाळ मीही ऐकली आहे आणि म्हटलीही आहे. चिंतनाविना जपमाळ म्हणजे आत्म्याविना शरीर, असा इशारा पोप पॉल सहावे यांनी 1974 साली दिला होता. मात्र त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय शांत लयीचा आणि संथ गतीचा होता. आवाज बंद करण्याचा नव्हता. 2002 मध्ये प्रकाशाची रहस्ये जोडताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी रहस्य जाहीर झाल्यावर क्षणभर स्तब्ध राहण्याची शिफारस केली. मौनाला जपमाळेत जागा आहे. ती आवाजाच्या आधी आणि दोन दशकांच्या मध्ये. आणि इस्पितळातल्या खाटेवर, लोकलच्या गर्दीत, झोप न येणाऱ्या रात्री मनातली जपमाळच खरी सोबत असते. तिला कमी लेखण्याचे मला कारण नाही. गरजेतून आलेल्या त्या रीतीला श्रेष्ठत्वाचा शिक्का मारून इतरांना हिणवण्याला माझा विरोध आहे.

कारण त्या हिणवण्याची किंमत कोणी मोजली? ज्या घरांत संध्याकाळची जपमाळ बंद पडली, त्या घरांतली माणसे सखोल मौन चिंतनात गेल्याचे मला तरी आढळलेले नाही. आढळले ते इतकेच की आजी पूर्वार्ध म्हणते, थांबते, आणि थोड्या वेळाने उत्तरार्धही स्वतःच म्हणते.