संदर्भ मोजून संशोधक कळत नाही

दर वर्षी पावसाळा सरता सरता ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञां’ची यादी येते आणि देशभरातील विद्यापीठांत अभिनंदनाचे फलक झळकू लागतात. बातम्यांत नावे असतात, क्रमांक असतात. त्या व्यक्तीने नेमके काय शोधले, हे मात्र क्वचितच असते. विज्ञानाच्या बातमीतून विज्ञानच गळते आणि ते कोणाला खटकत नाही, हे माझे दुःख आहे.

ही यादी सायटेशनवर, म्हणजे इतरांच्या शोधनिबंधांत आलेल्या संदर्भांवर उभी असते. तिच्या घटकांपैकी एक असलेला एच-इंडेक्स २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. तेव्हा या पापात आम्हा भौतिकवाल्यांचाही वाटा आहे. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० संदर्भ मिळाले, त्याचा इंडेक्स २०. म्हणजे पाचच निबंधांनी एखाद्या विषयाची दिशा बदलली, तरी त्यांच्या लेखकाचा इंडेक्स पाचाच्या वर जाणार नाही. उलट, २०१५ मध्ये हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर प्रसिद्ध झालेल्या निबंधाचे पाच हजारांहून अधिक लेखक होते. हा इंडेक्स त्या प्रत्येकाच्या खात्यावर तो निबंध पुरताच जमा करतो.

आता ओबेद सिद्दिकी यांच्याकडे पाहा. भौतिकशास्त्र आणि गणिताचा बालेकिल्ला असलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारण्यासाठी होमी भाभांनी त्यांना १९६२ मध्ये बोलावले. पुढे ते फळमाशीच्या चेतासंस्थेकडे वळले. तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या आणि थंडाव्यात पुन्हा सावरणाऱ्या माश्यांचा अभ्यास त्यांनी सीमोर बेंझर यांच्यासह १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील ‘पॅरा’ हे जनुक चेतापेशीतील सोडियम वाहिनीचे आहे, हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. ‘कोमॅटोज’ या जनुकाचे प्रथिन चेतापेशींमधील संदेशवहनासाठी आवश्यक असते, हे उलगडायला १९९५ उजाडले. तेरा वर्षे आणि एकोणीस वर्षे! आपल्या निवड समित्यांना तीन वर्षांचाही धीर नसतो.

व्हेरोनिका रॉड्रिग्ज डब्लिनमध्ये शिकत असताना सिद्दिकींचे काम वाचून मुंबईला आल्या. १९७८ मध्ये या दोघांनी फळमाशीच्या गंध आणि चव यांच्या ज्ञानाचे आनुवंशिक विश्लेषण प्रसिद्ध केले, तेही इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये. आज एखाद्या तरुण संशोधकाने असा निबंध भारतीय नियतकालिकात दिला, तर नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर पाहूनच तो छाननीत बाजूला पडण्याची शक्यता अधिक. पुढे रॉड्रिग्ज स्वतः या क्षेत्रातील नामवंत संशोधक झाल्या. सिद्दिकींचेच दुसरे विद्यार्थी के. विजयराघवन केंद्र सरकारचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार झाले. बेंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले तेही सिद्दिकींच्याच पुढाकाराने. हा प्रभाव कोणत्या इंडेक्समध्ये मावतो?

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही: मोजमाप काढून टाकले, तर उरेल तो वशिला. संख्या निदान सर्वांना सारखी लागू होते. हे मला मान्य आहे. वशिल्याची भीती आपल्याकडे काल्पनिक नाही. पण संख्येलाही वशिला लागतो. एकमेकांचे संदर्भ देणारी वर्तुळे, भेटीदाखल दिलेले सहलेखकत्व, एका निष्कर्षाचे तीन तुकडे करून काढलेले तीन निबंध, हे सारे आकड्यांच्या राज्यातच फोफावले. वशिल्यावरचा इलाज पारदर्शकता हा आहे. उमेदवाराने आपले सर्वोत्तम पाच निबंध द्यावेत, समितीने ते वाचावेत आणि निवडीची व नकाराची कारणे लेखी मांडावीत. जी समिती पाच निबंध वाचू शकत नाही, तिला माणूस निवडण्याचा अधिकार कशाच्या बळावर द्यायचा?

विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे: मार्गदर्शक निवडताना त्यांचा इंडेक्स शोधू नका. त्यांचा एक निबंध मुळापासून वाचा, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोला. पुढची पाच वर्षे तुम्हाला त्या प्रश्नासोबत आणि त्या माणसासोबत काढायची आहेत.